मोट कशी चालायची, हे कुठे सापडेल?

लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीवर गेल्या हिवाळ्यात मी नातवंडांना घेऊन गेले होते. साताऱ्याहून जेमतेम अर्ध्या तासाची वाट. विरूबाई भोसले यांनी 1719 ते 1724 या काळात, थोरल्या शाहू महाराजांच्या अमदानीत बांधून घेतलेली ही विहीर 110 फूट खोल आहे. पायऱ्या उतरून कमानीखालून आत गेलं की गारवा अंगावर येतो, आणि विहिरीच्या अंगातच बांधलेला छोटा महाल पाहून मोठी माणसंसुद्धा हळू आवाजात बोलायला लागतात. धाकट्या नातवाला महालाचं काही वाटलं नाही. तो वरच्या दगडी काठाशी उभा राहून खाली बघत होता. म्हणाला, "आजी, पण पाणी एवढं वर यायचं कसं?"

"मोटेनं," मी म्हणाले.

"मोट म्हणजे?"

"कातड्याची मोठी पिशवी. बैल ओढायचे."

"मग वर आल्यावर ती उपडी कोण करायचं? आणि बैल परत कसे यायचे? वळून?"

मला सांगता आलं नाही. एकतीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला. अफझलखानाचा वध 10 नोव्हेंबर 1659 रोजी झाला, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण ज्या विहिरीवर मी दरवर्षी सहल नेत होते, तिच्यातून पाणी कसं काढत, हे मी कधी कुणाला शिकवलं नाही, कारण मला ते कुणी शिकवलं नव्हतं. त्या दिवशी तिथे वीस-पंचवीस माणसं होती. त्यांच्यापैकीही कुणी पुढे आलं नाही. उत्तर दिलं ते बाहेर टोपलीत पेरू घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी.

"आवं बाई, उपडी कशाला करायची? तिला सोंड आस्ती. वर जाड नाडा, खाली सोंडंला बारका सोंदूर. बैल धावंवरनं खाली गेलं की मोट वर येती, अन् सोंदूर ती सोंड वढून थारोळ्यात घेतो. पानी आपसूक पडतं. बैल वळत न्हाईत, मागं मागं चालत वर येत्यात. माजा बाप नाड्यावर बसून खाली जायचा."

नाडा, सोंदूर, बैल चालायची ती उतरती धाव, पाणी पडायचं ते थारोळं. एका मिनिटात चार शब्द आणि एक अख्खं यंत्र समजलं. बाई ऐंशीच्या पुढच्या होत्या. विरूबाईंचं नाव विहिरीवर शिलालेखात कोरलेलं आहे आणि ते तीनशे वर्षं टिकलं. मोटेची गोष्ट मात्र त्या टोपलीपाशी बसलेल्या एका माणसाच्या आठवणीत होती.

घरी आल्यावर मी हे लिहिलेलं शोधायचं ठरवलं. त्या शोधात जे दिसलं त्यावरून माझं एक मत बनलं आहे. आपल्या जिल्ह्यातल्या माणसांच्या रोजच्या जगण्याचा इतिहास बराचसा शिल्लक आहे. ज्याला तो हवा आहे त्याला सापडेल, अशा रीतीने तो कुणी लावून ठेवलेला नाही, एवढंच. आणि लावून ठेवण्याचं काम चार हौशी माणसांच्या खांद्यावर टाकून चालणार नाही. ते सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या वाचनालयांचं आणि संग्रहालयांचं काम आहे.

पहिल्यांदा मी एका जुन्या वाचनालयात गेले. इतिहासाची चार कपाटं. लढाया, गड, तह, घराणी, चरित्रं. ग्रंथपाल मनापासून मदत करणारे होते. मी म्हटलं, शंभर-दीडशे वर्षांपूर्वी इथली माणसं सकाळी उठल्यावर काय करत, काय खात, कशात शिजवत, अंगावर काय घालत, त्याची पुस्तकं द्या. ते थोडा वेळ विचारात पडले आणि म्हणाले, "बाई, असा विभाग नाही आपल्याकडे." बरोबरच होतं त्यांचं. तसा विभाग नसतोच. पुढच्या दोन महिन्यांत मला जी पुस्तकं सापडली, त्यातलं एकही इतिहासाच्या कपाटात नव्हतं.

सर्वांत मोलाची दोन पुस्तकं निघाली आत्मचरित्रांच्या फळीवर, आणि दोन्ही आपल्याच फलटण तालुक्याशी जोडलेली. बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' 1986 साली पुस्तकरूपाने आलं. महारवाड्यातलं घर, बाळंतपण, सण, उपास, भूक, सासुरवास, देवाचं खूळ, बाबासाहेबांच्या हाकेनंतर बदलत गेलेलं बायकांचं मन, सगळं त्यात आहे. एखाद्या बाईने किती पाणी कुठून आणलं आणि त्या पाण्यासाठी कुणापुढे हात पसरावे लागले, हे कळायला मला दुसरं कुठलंही साधन त्याच्या जवळपास जाणारं वाटत नाही. दुसरं लक्ष्मण माने यांचं 1980 चं 'उपरा'. कैकाडी कुटुंब गाढवांच्या पाठीवर संसार लादून गावोगाव फिरतं, फोक आणतं, टोपल्या-कणग्या विणतं. गावाचं धान्य ज्यात साठवलं जायचं ती कणगी कुणाच्या हातची होती, त्या हातांना संध्याकाळी काय मिळायचं, हे त्या पुस्तकामुळे कळतं. पण ग्रंथसूचीत दोन्हींवर शिक्का एकच, आत्मचरित्र. साताऱ्याचा सामाजिक इतिहास शोधणारा मुलगा त्या फळीकडे वळणारच नाही.

मग गॅझेटिअर. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा सातारा खंड 1885 सालचा. जातवार घरं, कपडे, जेवण, लग्नाचा खर्च, शेतीची अवजारं, असं पुष्कळ त्यात आहे. पण ते इंग्रजीत आहे आणि राज्य चालवणाऱ्यांच्या नजरेने लिहिलेलं आहे. कुठली जात कष्टाळू आणि कुठली आळशी, असे शेरे मारणाऱ्या साहेबाचं बोट धरून आपल्याच पणजीच्या स्वयंपाकघरात शिरावं लागतं. शिवाय सांगलीचं काही हवं असेल तर आधी हे माहीत पाहिजे, की तेव्हा सांगली नावाचा जिल्हाच नव्हता. 1949 मध्ये दक्षिण सातारा झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. त्यामुळे वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके साताऱ्याच्या खंडात बघायचे, आणि सांगली-मिरजेच्या संस्थानांचा मजकूर निराळ्या ठिकाणी. हे वाचकाला कुणी सांगायचं?

त्र्यंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' 1915 चं, आणि ना. गो. चापेकर यांचं 'बदलापूर' 1933 चं. चापेकरांनी एक गाव घेतलं आणि घरं, माणसं, धंदे, बोली, देणीघेणी यांची खानेसुमारी मांडावी तसं ते लिहून काढलं. त्यांचंच 'पेशवाईच्या सावलीत' हे घराघरांतल्या जुन्या जमाखर्चाच्या कागदांवर उभं आहे. तांदूळ काय भावाने घेतले, लुगड्याला काय पडलं, श्राद्धाला काय लागलं. मी ते वाचताना दोनदा थांबले, कारण मला मापं कळेनात. पायली, अदली, चिपटं, मापटं, कोळवं. रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै. 1 एप्रिल 1957 ला नवे पैसे आले आणि त्यानंतर काही वर्षांत किलो-लिटर. त्याबरोबर जुने हिशेब वाचण्याची किल्लीच पुढच्या पिढीच्या हातून गेली. आमच्या माळ्यावर आजेसासऱ्यांच्या चोपड्या होत्या. निम्म्या मोडी लिपीत. सासूबाईंनी त्या जपल्या होत्या, पण घर बदलताना कुणालाच वाचता येत नाहीत म्हणून त्या रद्दीत गेल्या. त्याच आठवड्यात पितळेचे हंडे, बंब आणि घंगाळ वजनावर मोडीत घातलं. हे माझ्या घरात घडलं आहे आणि त्याचं दुःख मला अजून आहे.

मोल्सवर्थचा शब्दकोश मात्र प्रत्येक वाचनालयाने दारात ठेवावा, असं मी म्हणेन. पहिली आवृत्ती 1831 ची, दुसरी 1857 ची, आणि आता ती संगणकावर फुकट बघता येते. एखादं कुलूपबंद कोठार उघडावं तसा तो कोश उघडतो. उतरंड, शिंकं, वैल, देवळी, फुंकणी, काथवट, एकेका शब्दासरशी एकेक वस्तू हातात येते. आणि लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 1910 चं 'गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया' आम्ही पाककृतीचं पुस्तक म्हणून बाजूला ठेवतो. त्या काळच्या शहरी मध्यमवर्गाच्या घरात काय येत होतं, काय नव्याने शिरत होतं, याचा एवढा नेमका कागद दुसरा कुठला मिळेल?

इथे कुणीतरी म्हणेल, आणि मला म्हटलंही आहे, की बाई, साताऱ्याला एवढा मोठा इतिहास आहे, छत्रपतींची ही राजधानी, आणि तुम्ही चूल-बोळकी काय घेऊन बसलात? त्यांना मी महाराजांच्याच एका पत्राची आठवण देते. चिपळूणला छावणी करून राहिलेल्या लष्कराला शिवाजी महाराजांनी लिहिलेलं ते पत्र बहुतेकांनी शाळेत वाचलेलं असतं. त्यात लढाईचं वर्णन नाही. दाणा आणि गवत पावसाळा संपेपर्यंत पुरवून वापरा, नाहीतर घोडी मरतील आणि मग तुम्ही कुणब्यांच्या घरात हात घालाल, हे त्यात आहे. कुणी चुलीवर रांधेल, कुणी तंबाखू ओढेल, कुणी रात्री दिवा तसाच ठेवेल, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंज्या जळून जातील, अशी काळजी त्यात आहे. राजाला उंदराने वात नेण्याचं भय दिसत होतं. दिव्याची वात, गवताची गंजी, शिपायाची चूल आणि शेजारच्या कुणब्याचं धान्य यांच्यावर राज्य उभं असतं, हे त्यांना कळत होतं. आपण मात्र त्यांचा इतिहास सांगताना तेवढंच वगळतो.

वाघनखं 2024 च्या जुलैमध्ये लंडनहून साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली, तेव्हा मीही रांगेत उभी राहिले. लेकराला कडेवर घेतलेल्या बाया होत्या, माणदेशातून पहाटे निघालेली माणसं होती. एखाद्या वस्तूसमोर उभं राहून माणसाचा गळा कसा दाटतो ते मी तिथे पाहिलं. म्हणून मला खात्री आहे, की आपल्या लोकांना संग्रहालयाची ओढ नाही हे बोलणं खोटं आहे. ही माणसं येतात. त्यांना स्वतःच्या पणज्याचं, खापरपणजीचं काही दाखवलं तर तीही बघायला येतील. तलवारीपुढे माणूस मान झुकवतो. जात्यापुढे तो बोलायला लागतो, "आमच्यात खुंटा असा नव्हता", "आमची आई पहाटे चारला बसायची". असं बोलकं दालन साताऱ्याच्या संग्रहालयात हवं आहे.

वस्तू आपल्या हातून कशा जातात त्याचा जुना दाखलाही साताऱ्याचाच आहे. रावबहादूर दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी आयुष्यभर कागद, चित्रं, वस्तू जमवून साताऱ्यात ऐतिहासिक संग्रहालय उभं केलं. 1926 मध्ये ते गेले, आणि 1939 मध्ये तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. तिथे तो नीट सांभाळला गेला, याबद्दल कृतज्ञताच आहे. पण साताऱ्याचा अभ्यास करायला साताऱ्याच्या पोराने पुण्याची गाडी धरायची, ही सवय तेव्हापासून लागली ती लागलीच. औंधला भवानराव पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये उभारलेलं भवानी चित्रसंग्रहालय आहे, आणि एवढ्या छोट्या संस्थानाच्या राजाने डोंगरावर असं काही उभं करावं याचा मला फार अभिमान आहे. पण तिथे मान आहे तो चित्रांचा, शिल्पांचा.

कायद्याकडूनही साध्या वस्तूला आधार नाही. 1972 च्या पुरावशेष कायद्यात वस्तू शंभर वर्षांची हवी, हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर. 1950 साली शिवलेली मोट, 1960 चा रॉकेलचा चिमणीचा दिवा, गिरणीतून आजोबांनी धाडलेल्या मनिऑर्डरींच्या पावत्या, यांना कायद्याच्या लेखी काही किंमत नाही. आणि शंभर वर्षं पुरी होईपर्यंत कातडं कुसतं, कागदाला वाळवी लागते.

ओगलेवाडीचं उदाहरण मला सारखं टोचतं. कऱ्हाडजवळचं हे गाव 1916 च्या ओगले काच कारखान्याच्या नावाने ओळखलं जातं. इथला प्रभाकर कंदील खेड्यापाड्यांत गेला. त्याच्या उजेडात पोरांनी अभ्यास केला, गोठ्यात व्यालेल्या म्हशी बघितल्या गेल्या, तमाशाचे फड उभे राहिले. आता तो कंदील हॉटेलांत शोभेला टांगलेला दिसतो. काच फुगवणारे कामगार भट्टीपुढे किती तास उभे असत, डब्यात काय आणत, हात भाजला तर काय लावत, हे ज्यांना सांगता येईल ते थोडे उरले असतील. किर्लोस्करवाडी 1910 ची. तिथून निघालेल्या लोखंडी नांगराने लाकडी नांगर घडवणाऱ्या सुताराच्या बलुत्याचं काय केलं? कारखान्याची बाजू कंपनीच्या कागदांत राहते. सुताराची बाजू त्याच्या नातवाला विचारावी लागते, आणि तीही आत्ताच.

हे जगात कुणाला सुचलं नाही असं नाही. स्टॉकहोमला 1891 मध्ये आर्थर हाझेलियसने स्कान्सेन सुरू केलं, ते याच धास्तीने, की रेल्वे आणि कारखाने आले, आता शेतकऱ्याचं घर, चूल, मागाची खोली दिसणार नाही. त्याने घरंच्या घरं उचलून आणून मांडली. इतकं लांब जायचं कारणही नाही. पुण्यात कवी 'अज्ञातवासी' म्हणजे दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, वज्र्या, दारं, सोऱ्ये असं आयुष्यभर गावोगाव फिरून जमवलं आणि गेलेल्या मुलाच्या नावाने ते सरकारला देऊन टाकलं. कोल्हापूरजवळ कणेरी मठावर बलुतेदारांचं गाव पुतळ्यांतून उभं केलं आहे, शाळांच्या सहलींची तिथे रीघ लागते. मला दोन्ही आवडतात, पण दोन्हींत एक उणीव वाटते. अडकित्ता कोणत्या वाड्यातला, हे कळतं. त्या वाड्यात भांडी घासणारी बाई कोण होती, हे कळत नाही. आणि कणेरीच्या पुतळ्यांचं गाव फार शांत आहे. तिथे कुणी कुणाच्या विहिरीपासून दूर उभं राहिलेलं मला दिसलं नाही.

हा मुद्दा मी लवकर सोडणार नाही, कारण रोजच्या जगण्याचं संग्रहालय चुकीच्या पद्धतीने केलं तर ते न केलेलंच बरं. पितळ टिकतं. माती, कातडं, बांबू, चिंध्यांची वाकळ टिकत नाही. म्हणून काही न ठरवता नुसतं जमवत गेलं की वाड्यांचंच संग्रहालय होतं, समया, पानपुडे, झोपाळ्याच्या कड्या, आणि मग मुलं समजतात की पूर्वी सगळे असेच राहत. वाईजवळ मेणवलीला नाना फडणीसांचा वाडा आहे. भिंतींवरची चित्रं, घाट, चौक, सगळं देखणं. पण पेशवाईतल्या घरांमधून कुणबिणी, म्हणजे दासी, राबत होत्या, त्यांची खरेदी-विक्री होत होती, पेशवे दप्तरात त्याचे कागद आहेत. त्या बाया पाणी कुठून भरत, रात्री कुठल्या कोपऱ्यात निजत, हे वाडा दाखवताना सांगितलं तर वाड्याचा अपमान होत नाही. वाडा पुरता दिसतो.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आज प्राध्यापक आहे. तिच्याकडे मी जुन्या वस्तू मागायला गेले. ती म्हणाली, "बाई, आमच्या आजीनं अस्पृश्यतेची खूण असलेलं ते मडकं आणि तो झाडू मुद्दाम फेकला. आम्हाला तो जपायचा नव्हता. तुम्ही तो काचेत ठेवणार आणि लोक फोटो काढणार." मी गप्प बसले. तिचं खरं होतं. ज्यांनी जोखड म्हणून वस्तू टाकली त्यांच्याकडे ती परत मागण्याचा हक्क कुणालाही नाही. तिथे वस्तूच्या जागी त्यांचे शब्द असावेत, तेही त्यांना द्यावेसे वाटले तरच, आणि त्यांनीच लिहिलेल्या पाटीसह. जात्याचंही तसंच. जात्यावरच्या ओव्या गोड आहेत. हेमा रायरकर आणि गी प्वातव्हँ यांनी सहकाऱ्यांसह लाखभर ओव्या गोळा केल्या, हे मराठीवरचं मोठं ऋण आहे. पण ज्या बाईने चाळीस वर्षं पहाटे दळलं तिला पिठाची गिरणी आली तेव्हा काय वाटलं, हेही त्याच दालनात ऐकू आलं पाहिजे. मी सात-आठ जणींना विचारलं. एकीलाही जातं परत नको होतं.

सांगलीकरांना निराळंच संकट आहे, पाण्याचं. हरिपूरची हळदीची पेवं, म्हणजे जमिनीच्या पोटातली कोठारं, 2005 च्या महापुरात पाण्याखाली गेली. 2019 मध्ये शहरातल्या वाचनालयांत पाणी शिरून हजारो पुस्तकं भिजली. मिरजेत शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या हातांनी दीडशे वर्षांपूर्वी सतारी-तंबोरे घडवायला घेतले, हा इतका सुंदर इतिहास आहे. भोपळा कसा निवडतात, कसा वाळवतात, हे आजही तिथल्या गल्लीत बघता येतं. अशा गावात एकाच इमारतीत एकच प्रत ठेवणं म्हणजे कृष्णामाईवर हवाला. प्रत काढून दुसऱ्या गावी ठेवलीच पाहिजे.

आणि पत्री सरकार. 1942 ते 1946 सातारा आणि आजच्या सांगलीच्या गावांनी ब्रिटिशांना दाद दिली नाही, हे आपण अभिमानाने सांगतो. सांगावंच. पण उसाच्या फडात, डोंगरात लपलेल्या माणसांना चार वर्षं भाकरी कुणी पोचवली? ती भाकरी जास्तीची भाजायला पीठ कुठून आणलं, तेव्हा धान्याची टंचाई होती. पोलीस आले तर चुलीवरच्या भाकऱ्यांची संख्या घरातल्या माणसांपेक्षा जास्त दिसू नये म्हणून काय करत? आमच्या नात्यातल्या एक आत्याबाई सांगायच्या, की त्या भाकऱ्या जळणाच्या भाऱ्यात घालून नेत. त्या गेल्या. मी त्यांचं काही लिहून घेतलं नाही. ती चळवळ चालली ती या भाऱ्यांवरही, आणि हे रोजच्या जगण्यात मोडतं म्हणून आम्ही ते इतिहासात धरलं नाही.

पैशाचं विचाराल, तर सुरुवातीला लागतो तो फार थोडा. महाराष्ट्रात 1967 पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, गावोगाव अनुदानित वाचनालयं आहेत. जिल्हा ग्रंथालयाने ठरवलं तर सहा महिन्यांत 'रोजचं जगणं' अशी एक सूची होऊ शकते. पुस्तकं जागची हलवायचीही गरज नाही. आत्मचरित्र, पाकशास्त्र, शेती, लोकसाहित्य, गॅझेटिअर, कोश, जिथे जे आहे ते एका यादीत आणायचं, आणि प्रत्येकापुढे दोन ओळी लिहायच्या, यात पाणी, अन्न, कपडा, घर, आजार यांपैकी कशाबद्दल काय आहे. वाईला विश्वकोशाचं काम जिथे झालं त्या जिल्ह्यात अशी यादी करणारी माणसं मिळणार नाहीत, हे मी मानत नाही. आमच्या भागातल्या बागणीच्या सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीतून बायकांच्या तोंडची गाणी, कहाण्या, रीती खंडांमागून खंड जमवल्या. त्या यादीत पहिलं नाव त्यांचं असावं.

कॉलेजांची राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची शिबिरं दर हिवाळ्यात खेड्यांत होतात. त्या सात दिवसांतले दोन दिवस गावातल्या पंच्याहत्तरीपुढच्या माणसांजवळ बसायला दिले तर? मुलांच्या खिशात फोन आहेतच. प्रश्न साधे हवेत. तुमच्या लहानपणी पाणी कुणी भरायचं? पहिला चहा घरात कधी झाला? भाताचं जेवण कोणत्या दिवशी असायचं? मुंबईच्या गिरणीतून पैसे आले की आधी काय यायचं? कोयनेच्या धरणात गाव गेलं तेव्हा बैलगाडीत काय घातलं आणि काय मागे ठेवलं? बोली सुधारायची नाही, म्हातारी जशी बोलते तशी ठेवायची. आणि संग्रहालयात वस्तूपुढच्या पाटीवर 'जाते, दगडी, अंदाजे एकोणिसावे शतक' एवढंच न लिहिता, टाकी कुणी दिली, म्हणजे दगड कुणी टोचून दिला, दळलं कुणी, दळताना कितव्या महिन्याची गरोदर होती, हे ज्याला माहीत आहे त्याचं नाव घालून लिहायचं.

त्या पेरूवाल्या आजींकडे मी दोन आठवड्यांनी पुन्हा गेले. नातूही आला. या वेळी फोन चालू ठेवला. सत्तेचाळीस मिनिटं त्या बोलल्या. मोट शिवायला कोण यायचं, त्याला सुगीला काय द्यायचे, तो ओसरीवर का बसत नसे, बैलांना दुपारी केव्हा सोडत, बापाचा आवाज कसा होता. नातवाने विचारलं, "विहीर भरलीय की तळाला गेलीय, ते वर बसून कसं कळायचं?" त्या म्हणाल्या, "आवाजावरनं. थारोळ्यात पडणाऱ्या पान्याचा आवाज बारीक झाला, की मोट अर्धी येतीया."

हे रेकॉर्डिंग साताऱ्यात कुठेतरी जमा करावं म्हणून मी दोन ठिकाणी गेले. दोन्हीकडे चहा मिळाला, आदराने बसवलं. दोन्हीकडे नोंदवही उघडली गेली आणि तिच्यात पुस्तकाला रकाना होता, वस्तूला होता, हस्तलिखिताला होता. आवाजाला नव्हता. सत्तेचाळीस मिनिटं अजून माझ्या फोनमध्ये आहेत.